चहाच्या मळ्यावर तपासनीस काय पाहतो

चहाच्या खोक्यावरचे फेअरट्रेडचे चिन्ह किंवा रेनफॉरेस्ट अलायन्सचा हिरवा बेडूक मळ्यावर काही दिवस चाललेल्या तपासणीनंतरच उमटतो. फेअरट्रेडसाठी ही तपासणी जर्मनीतील बॉनची फ्लोसर्ट ही संस्था करते. रेनफॉरेस्ट अलायन्स स्वतः नियम ठरवते, मळ्यावर मात्र तिने मान्यता दिलेल्या अन्य संस्थांचे ऑडिटर जातात. दोन्हीकडे प्रमाणपत्राचे चक्र तीन वर्षांचे असते. त्या काळात फेरतपासण्या होतात, त्यांतल्या काही पूर्वसूचना न देता.

आसामात हे काम कारखान्याच्या तपासणीहून अवघड आहे. तिथला मजूर मळ्यातच, लेबर लाइनीत म्हणजे मजुरांच्या वसाहतीत राहतो. घर, पाणी, शौचालय, दवाखाना, पाळणाघर यांची जबाबदारी १९५१च्या प्लँटेशन लेबर अॅक्टने मालकावर टाकली आणि मजुरीचा काही भाग शिध्याच्या रूपाने मिळत आला. साहजिकच तपासणी हजेरीपटापाशी संपत नाही. ऑडिटरला छपरे गळतात का, नळाला पाणी किती वेळ येते, हेही पाहावे लागते.

सुरुवात व्यवस्थापक आणि कामगार प्रतिनिधी यांच्या बैठकीने होते. मग कागद निघतात : हजेरी, पगारपत्रक, वयाचे दाखले, प्रॉव्हिडंट फंडाचा भरणा, औषधांची खरेदी. एकेक कागद सुटा पाहिला तर बहुधा बिनचूकच दिसतो. तपासणीचे खरे कसब कागद एकमेकांशी ताडून पाहण्यात आहे. फवारणीच्या नोंदवहीत एखाद्या तुकड्यावर औषध मारल्याची तारीख असते, तोडणीच्या वहीत त्याच तुकड्यातली पाने खुडल्याची. औषधानंतर ठरलेले दिवस जाण्याआधी पाने खुडली गेली असतील, तर या दोन वह्या शेजारी ठेवताच ते उघड होते. तसेच मजुरीचे. एखादीची चार दिवसांची हजेरी, काट्यावर नोंदलेले पानांचे वजन, टोपलीचे आणि ओल्या पानांतल्या पाण्याचे म्हणून कापलेले किलो, आणि हातात पडलेले पैसे जुळतात का, हे पाहिल्यावर कपातीचा हिशेब समोर येतो.

शिवारात अनुभवी नजर बारीकसारीक गोष्टींवर जाते. फवारणी करणाऱ्याचे हातमोजे आणि मुखपट्टी कोरी करकरीत असतील, तर ती रोज वापरात नाहीत असा संशय घ्यायला जागा असते. औषधाच्या रिकाम्या डब्यांचे काय होते, हे कोठारापेक्षा लाइनीतल्या घरांत लवकर कळते.

सर्वांत मोलाचा आणि सर्वांत नाजूक भाग म्हणजे मुलाखती. त्या व्यवस्थापक आणि सरदार (मुकादम) यांच्या नजरेआड व्हाव्या लागतात. बायकांशी बाईने बोलणे बरे, आणि मजुरांची बोली सादरी असली तर दुभाषा मळ्याच्या कचेरीतला नसावा. निवडही ऑडिटरने स्वतः करायची असते. तोडणीच्या ऐन हंगामात भरती होणारे, आसामात ज्यांना ‘फालतू’ म्हणतात ते हंगामी मजूर नमुन्यात आले नाहीत, तर सर्वांत असुरक्षित माणसेच तपासणीबाहेर राहतात. घर, शिधा आणि काम एकाच मालकाच्या हाती असताना एखादी कामगार परक्या माणसापुढे मोकळेपणी बोलेल, ही अपेक्षाच मोठी आहे.

लहान उत्पादकांच्या गटांत प्रत्येक शेत पाहणे शक्य नसते. गटाचे स्वतःचे निरीक्षक सर्व सभासदांची शेते पाहतात आणि बाहेरचा ऑडिटर साधारणपणे सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतकी शेते निवडतो : १०० सभासद असतील तर १०. युरोपला द्राक्षे पाठवणाऱ्या नाशिककरांना ग्लोबलगॅप या शेतीच्या प्रमाणपत्रामुळे ही रीत ठाऊक आहे. ग्रास्प ही त्याच्या जोडीची तपासणी मजुरांच्या हक्कांसाठीच आहे.

शेवटच्या बैठकीत त्रुटी वाचून दाखवल्या जातात आणि सुधारणेसाठी मुदत मिळते. प्रमाणपत्राचा निर्णय ऑडिटर स्वतः देत नाही. त्याचा अहवाल वाचून संस्थेतील दुसरी व्यक्ती देते. शुल्क मात्र बहुतेक ठिकाणी तपासला जाणाराच भरतो, आणि ही या पद्धतीतली जुनी, गंभीर उणीव आहे.

२०१५ मध्ये बीबीसीच्या पाहणीत आसामच्या प्रमाणित मळ्यांवर मोडकी शौचालये आणि संरक्षक साधनांविना चाललेली फवारणी आढळली. तेव्हा शेफील्ड विद्यापीठात असलेल्या जेनेव्हीव्ह लेबॅरन यांच्या २०१८च्या अहवालाने आसाम आणि केरळमधील मळ्यांवरून अधिक कठोर निष्कर्ष काढला : मजुरीच्या स्थितीत प्रमाणपत्राने जवळजवळ काहीच फरक पडलेला नाही. तपासणीच्या दिवसापुरते नियम पाळायला सांगितले जाते आणि नंतर पूर्ववत चालते, असे मजुरांनी तिथे सांगितले.

रेनफॉरेस्ट अलायन्सने २०२०च्या नियमावलीत पवित्रा बदलला. बालमजुरी, सक्तीचे काम, भेदभाव आणि कामावरील छळ यांवर केवळ बंदी न घालता मळ्याने धोका स्वतः शोधावा, त्यासाठी समिती नेमावी आणि सापडलेल्या प्रकरणात पीडिताला दिलासा द्यावा, असे तिने बंधनकारक केले. आता ऑडिटरला वह्यांच्या जोडीला तक्रारींचे पुढे काय झाले हेही तपासावे लागते. ज्या मोठ्या मळ्यावर वर्षभरात एकही तक्रार नोंदलेली नाही, तिथे त्याने अधिक वेळ थांबायला हवे.