वार्धक्यातील मधुमेह आणि चौविहार

लातूरच्या गंजगोलाईत वा नांदेडच्या वजिराबादेत पेढी सांभाळणाऱ्या अनेक ज्येष्ठ श्रावकांना चौविहार आणि मधुमेहाची गोळी या दोहोंचा मेळ रोज घालावा लागतो. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि नवकारशी येते सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. म्हणजे जवळजवळ चौदा तास पोटात अन्न नाही, पाणीही नाही.

मेटफॉर्मिन एकटे असेल तर साखर सहसा फार उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या व इन्सुलिन मात्र पोट रिकामे असले तरी आपले काम करीतच राहतात. वयोमानाने मूत्रपिंड मंदावले की काही औषधांचा अंमल अधिक काळ टिकतो. साखर ७० मिलिग्रॅमखाली गेली की घाम, थरथर, चिडचिड सुरू होते. वृद्धांत कधी केवळ गोंधळलेपण दिसते. हिशेब चुकतो, बोलणे अडखळते आणि घरचे म्हणतात, ‘वय झाले.’

म्हणूनच वार्धक्यात उद्दिष्ट थोडे सैल ठेवतात. रोजची साखर ही रोजकीर्द मानली, तर एचबीए१सी हा तिमाही ताळेबंद होय. प्रकृती ठणठणीत असल्यास तो ७ ते ७.५ टक्क्यांच्या आत पुरेसा मानतात. हृदय, मूत्रपिंड वा स्मरणशक्तीच्या तक्रारी असल्यास ८ टक्क्यांपर्यंतही चालतो.

पर्युषणापूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा. विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था जवळच आहे. सायंकाळच्या मात्रेचे काय करायचे, हे डॉक्टरांनीच ठरवावे. इन्सुलिन मनाने बंद करू नये. डॅपाग्लिफ्लोझिन चालू असल्यास निर्जळी उपवासाची कल्पना त्यांना आवर्जून द्यावी.

साखर उतरल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

व्रतभंगाच्या भीतीने कित्येक ज्येष्ठ त्या रात्री गप्प राहतात. वास्तविक पच्चक्खाणातच आगार सांगितले आहेत आणि तीव्र पीडेत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मोकळीक त्यांत आहे. गुरुमहाराजांकडून हे आधीच समजून घ्यावे आणि सुनामुलांच्याही कानी घालावे. उशाशी साखरेची डबी असली, म्हणून श्रद्धा उणी होत नाही.