शृंगी डायनोसॉरांचे वंशसंबंध : कवटीच्या लक्षणांचा पुरावा

प्रस्तावना
इ.स. १८८७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरजवळ सापडलेली शिंगांची जोडी ओ. सी. मार्श यांनी एका नामशेष, महाकाय बायसनची मानली. अधिक अवशेष मिळाल्यावर १८८९ मध्ये त्यांनीच 'ट्रायसेराटॉप्स' ही प्रजाती प्रस्थापित केली आणि ती शिंगे शृंगी डायनोसॉरची असल्याचे स्पष्ट झाले. केवळ शिंगांवरून नाते ठरविण्यातील धोका येथे दिसतो. म्हणून कवटीतील कोणती लक्षणे विश्वसनीय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

चोचीचे हाड
वरच्या जबड्याच्या टोकाशी असणारे 'रोस्ट्रल' हाड ही सेराटॉप्सिया गटाची मूलभूत ओळख होय. चीनमधील उत्तर-ज्युरासिक काळातील यिनलाँगला (वर्णन २००६) शिंगे नव्हती. तथापि या हाडामुळे त्याचा समावेश याच गटात होतो. प्रोटोसेराटॉप्समध्ये मानेवर पसरलेली अस्थिझालर दिसते. मात्र डोळ्यांवरील शिंगे त्यातही नाहीत.

दोन उपकुले
सेराटॉप्सिडी कुलाची दोन उपकुले मानली जातात. सेंट्रोसॉरिनीत सामान्यतः नाकावरील शिंग मोठे, तर कॅस्मोसॉरिनीत डोळ्यांवरील शिंगे लांब असतात. परंतु या कुलाबाहेरील, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच्या झुनिसेराटॉप्सलाही डोळ्यांवर लांब शिंगे होती. आद्य सेंट्रोसॉरिनी डायाब्लोसेराटॉप्समध्येही (२०१०) ती आढळली. अर्थात हे लक्षण पूर्वजांकडून आलेले असून केवळ त्यावरून जवळचे नाते सिद्ध होत नाही. उलट कॅनडातील रेगॅलिसेराटॉप्स (२०१५) हा कॅस्मोसॉरिनी असूनही त्याच्या नाकावरील शिंग मोठे आणि डोळ्यांवरील शिंगे लहान आहेत. हे अभिसारी उत्क्रांतीचे उदाहरण होय. झालरीच्या बाजूचे 'स्क्वामोसल' हाड अधिक उपयुक्त ठरते. ते सेंट्रोसॉरिनीत आखूड व रुंद, तर कॅस्मोसॉरिनीत लांब व त्रिकोणी असते.

वयाचा प्रश्न
ट्रायसेराटॉप्सची झालर भरीव, तर टोरोसॉरसच्या झालरीत मोठी छिद्रे असतात. टोरोसॉरस म्हणजे पूर्ण वाढ झालेला ट्रायसेराटॉप्सच, असे मत स्कॅनेला व हॉर्नर यांनी २०१० मध्ये मांडले. २०१२ मध्ये लाँगरिच व फील्ड यांनी टोरोसॉरसच्या अपूर्ण वाढीच्या नमुन्याकडे लक्ष वेधून त्यास विरोध केला.

निष्कर्ष
ठळक लक्षण हे नात्याचा भक्कम पुरावा असतेच असे नाही. लक्षण वारशाने आले, स्वतंत्रपणे उद्भवले की वयानुसार बदलले, हे तपासल्यानंतरच वंशवृक्षातील त्याचे मूल्य ठरते.