गावची वेस आणि मुंबईचा पाहुणा : साथीच्या दिवसांतील दुरावा

करोनाच्या महामारीची आठवण आता मागे पडू लागली आहे. मुखपट्ट्या गेल्या, शाळांतून थाटलेले विलगीकरण कक्ष उठले, मंदिरे व चर्च पुन्हा भरू लागली. तथापि त्या काळात गाव आणि शहर यांच्यामध्ये जो दुरावा निर्माण झाला, त्याची बोच कित्येक कुटुंबांत अद्याप शिल्लक आहे. ‘माझ्याच गावाने मला वेशीवर अडवले’, असे मुंबईकर म्हणतो. ‘आम्ही घरातली म्हातारी माणसे जपत होतो आणि तुम्हांला सणाची घाई झाली होती’, असे गावकरी म्हणतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पुढील साथ केव्हा येईल हे कोणासही सांगता येणार नाही; परंतु ती आली, तर हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. म्हणून या दुराव्याची कारणे शांतपणे समजून घेणे आवश्यक आहे.

चाकरमानी : पाहुणा की घरचा?

या संघर्षाचे सर्वांत ठळक चित्र कोकणात दिसले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा संसार पिढ्यानपिढ्या मुंबईच्या पगारावर चालत आला आहे. प्रथम गिरण्या व गोदी, पुढे कार्यालये व कारखाने येथे नोकरी करणारा कोकणी माणूस ‘चाकरमानी’ म्हणून ओळखला जातो. त्याची मनीऑर्डर आली की गावातील चूल पेटे. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात दर एक हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. २००१ ते २०११ या दहा वर्षांत या जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही घटच झाली. कर्ता पुरुष मुंबईत आणि वृद्ध आईवडील गावी, असे हे घर दोन ठिकाणी विभागलेले आहे.

म्हणजे चाकरमानी हा कायद्याच्या दृष्टीने आणि भावनेच्या दृष्टीनेही गावचाच. घराच्या पट्टीवर त्याचे नाव, देवघरात त्याचा वाटा. मात्र वर्षाचे अकरा महिने तो गावात नसतो. साथीच्या काळात नेमकी हीच गोष्ट पुढे आली. तो ‘आपला’ की ‘बाहेरचा’, हा प्रश्न एरवी कोणी विचारीत नव्हते. २०२० साली तो वेशीवर विचारला गेला.

गावाला भय कशाचे वाटले?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या दिवसांत महाराष्ट्रातील अनेक गावांनी रस्त्यांवर झाडे आडवी टाकली, काटेरी फांद्यांचे कुंपण घातले, ‘गावात प्रवेश बंद’ असे फलक लावले. शहरातील माणसाला हा निव्वळ आडमुठेपणा वाटला. पण गावाचा हिशेब वेगळा होता. २०२० साली रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत एकही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. प्रारंभीच्या काळात घशातील स्रावाचे नमुने तपासणीसाठी मिरजेला पाठवावे लागत आणि अहवालाची वाट पाहावी लागे. अतिदक्षता विभागातील खाटा मोजक्या, श्वसनयंत्रे त्याहूनही थोडी. दुसरीकडे, हा आजार वृद्धांना अधिक घातक ठरतो हे तोवर सर्वांना ठाऊक झाले होते आणि कोकणातील गावांत वृद्धांचेच प्रमाण मोठे. तेव्हा गावकऱ्यांची भीती निराधार नव्हती.

मुंबईकराची बाजूही तितकीच खरी होती. दहा बाय दहाची खोली, त्यात सहा-सात माणसे आणि सर्वांना मिळून एकच शौचालय, अशा वस्तीत राहणाऱ्याला ‘घरी थांबा, अंतर राखा’ हा उपदेश पाळणे शक्य नव्हते. रोजगार बुडाला होता, भाडे थकले होते. अशा वेळी ज्या घराला मागेपुढे अंगण आहे आणि जेथे जन्मदाती आई वाट पाहत आहे, तेथे जावेसे वाटणे यात कसला गुन्हा? त्यातच ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. रायगडासह दापोली व मंडणगड तालुक्यांत घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. ज्याला मे महिन्यात ‘येऊ नको’ असे सांगितले, त्याच्याच हातांची व पैशांची निकड जूनमध्ये भासू लागली.

चौदा दिवस की दहा?

त्या वर्षी गणेशचतुर्थी २२ ऑगस्टला होती. हा सण कोकणाचा प्राण. चाकरमान्याने यावे की नाही, आणि आल्यास किती दिवस वेगळे राहावे, यावरून जुलैमध्येच वाद पेटला. अनेक ग्रामपंचायतींनी चौदा दिवसांच्या विलगीकरणाचा आग्रह धरला. चौदा दिवस थांबायचे तर सुट्टी मिळायची कशी, असा नोकरदारांचा सवाल होता. अखेर राज्य शासनाने दहा दिवसांचा मार्ग काढला. प्रवाशांनी १२ ऑगस्टपर्यंत गावी पोहोचावे, एस. टी. ने येणाऱ्यास ई-पासची गरज नाही, आणि त्यानंतर येणाऱ्याने प्रवासापूर्वी चाचणी करून घ्यावी, असे ठरले.

या आकड्यांमागील शास्त्र साधे आहे. विषाणूचा शिरकाव झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सामान्यतः पाच-सहा दिवस लागतात. क्वचित प्रसंगी चौदा दिवसही लागतात. लक्षणे दिसण्यापूर्वीच रुग्ण इतरांना संसर्ग देऊ शकतो. म्हणून ‘मला काही होत नाही’ हे उत्तर पुरेसे नव्हते. चौदा दिवसांत धोका जवळजवळ संपतो. दहा दिवसांत बराचसा संपतो, थोडा उरतो. त्या उरलेल्या थोड्या धोक्याच्या बदल्यात माणसांना आपल्या घरी येता यावे, असा तो तोल होता. हे गणित गावोगावी नीट समजावून सांगितले गेले असते, तर पुष्कळ शब्दाला शब्द वाढला नसता. जेथे सरपंच, आशा सेविका व ग्राम कृती दल यांनी आधीच बैठक घेऊन शाळेच्या खोल्या झाडून ठेवल्या, पाण्याची सोय केली, डबा कोणी पोहोचवायचा ते ठरवले, तेथे त्याच नियमाचा जाच वाटला नाही. जेथे केवळ फलक लावला गेला, तेथे भांडणाला तोंड फुटले.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा धडा

हा प्रसंग आपल्या भूमीला नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोमंतकीय कॅथोलिक वैद्य डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. १८९१ च्या गणनेनुसार तेव्हाच्या मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २२ हजार होती. त्यांपैकी जवळपास निम्मे लोक पुढील काही महिन्यांत शहर सोडून निघून गेले. आगगाडी, गलबत, बैलगाडी, मिळेल त्या साधनाने माणसे गावाकडे निघाली आणि त्यांच्या मागोमाग रोगही निघाला. मुंबईतील व वांद्र्यातील जुन्या गावठाणांत ईस्ट इंडियन कॅथोलिकांनी त्या काळी उभारलेले क्रूस आजही पाहावयास मिळतात. त्या क्रुसांसमोर प्रार्थनेला जमणाऱ्यांच्या मनांतही हेच भय होते.

त्याच साथीमुळे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अस्तित्वात आला. रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी आणि संशयितांना रुग्णालयात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवणे, यांचा अधिकार त्याने सरकारला दिला. महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२० रोजी लागू केला, तो हाच कायदा. मात्र पुण्यात १८९७ साली या अधिकारांचा वापर ज्या दंडेलीने झाला, त्यातून केवढा संताप उसळला हे आपण इतिहासात वाचले आहे. सक्ती होती, सहानुभूती नव्हती.

त्याच पुण्याजवळ दुसरेही उदाहरण घडत होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी वस्तीपासून दूर, हडपसरजवळ माळरानावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तेथे आल्या. त्यांनाही रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. दवाखाना वस्तीबाहेर होता, म्हणजे अंतर राखलेलेच होते. पण त्या अंतराच्या पलीकडे रुग्णाला हात देणारे कोणी तरी उभे होते.

भीती बेभान होते तेव्हा

जेथे असा हात नसतो आणि अफवा मात्र असतात, तेथे काय घडते हे आपल्याच पालघर जिल्ह्याने पाहिले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे, अंत्यविधीसाठी मुंबईहून सुरतेकडे आडवाटेने निघालेले दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना जमावाने पोलिसांच्या समक्ष ठार मारले. चोर व मुले पळवणारे फिरत आहेत, अशा अफवा त्या भागात पसरल्या होत्या. गावकरी रात्री गस्त घालीत होते. टाळेबंदीने सुनसान झालेल्या रस्त्यावर अनोळखी गाडी दिसली, एवढे कारण पुरले. तीन निरपराध जीव गेले आणि कित्येक आदिवासी कुटुंबांतील कर्ते पुरुष तुरुंगात गेले. सुक्याबरोबर ओलेही जळाले. वेशीवर पहारा ठेवणे आणि वेशीवर न्यायनिवाडा करणे यांतील भेद पुसला गेला, की असा अनर्थ ओढवतो.

पर्यटकाचा प्रश्न वेगळा

चाकरमान्याशी नाते असते; पर्यटकाशी व्यवहार असतो. शेजारच्या गोव्यात १९ एप्रिल २०२० रोजी एकही सक्रिय रुग्ण उरला नव्हता. पुढे जूनमध्ये संसर्ग वाढत असतानाच, २ जुलैपासून तेथे देशी पर्यटकांना सशर्त प्रवेश देण्यात आला. हॉटेलचे आगाऊ आरक्षण हवे आणि ४८ तासांतील चाचणीचा अहवाल हवा, नाही तर सीमेवर चाचणी, अशा अटी होत्या. पर्यटनावर लाखो गोमंतकीयांचे पोट अवलंबून असल्याने हा निर्णय समजण्याजोगा होता. तरीही कमाई एकाची आणि धोका दुसऱ्याचा, ही तक्रार अशा ठिकाणी उठणारच. हॉटेलमालकाला भाडे मिळते. शेजारच्या घरातील आजीला त्यातून काही मिळत नाही, आजार मात्र तिच्या दारी येऊ शकतो. आपल्या वसईच्या किनाऱ्यावरील गावांनाही सुटीच्या दिवशी लोटणाऱ्या गर्दीचा अनुभव आहेच. तेथे नियम कडक असणे न्याय्य ठरते, कारण सहल पुढे ढकलता येते. आईची भेट किंवा बापाचा अंत्यविधी पुढे ढकलता येत नाही.

अंतर हवे, बहिष्कार नको

भारतीय राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही जाण्याचा व राहण्याचा हक्क दिला आहे. लोकहितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. पण ते घालण्याचा अधिकार कायद्याने ज्यांना दिला आहे त्यांनाच असतो. स्वतःच्या घरी परतणाऱ्याला गावाने कायमची बंदी घालावी, अशी मुभा कोणत्याही ठरावाने मिळत नाही. गावाला करता येण्याजोगे आहे ते एवढेच, की येणाऱ्याची आधी नोंद घ्यावी, त्याच्यासाठी वेगळी खोली सज्ज ठेवावी आणि ठरलेले दिवस त्याच्या जेवणखाण्याची काळजी वाहावी. येणाऱ्यानेही न लपता यावे, चाचणी करावी आणि ठरलेले दिवस घराबाहेर पडू नये.

इंग्लंडमधील ईम नावाच्या खेड्याची कथा या संदर्भात मोलाची आहे. १६६५ साली लंडनहून आलेल्या कापडाबरोबर तेथे प्लेग आल्याचे सांगतात. पुढील वर्षी तेथील धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावकऱ्यांनी स्वतःलाच कोंडून घेतले, जेणेकरून शेजारच्या गावांत रोग जाऊ नये. सुमारे २६० माणसे दगावली. परंतु शेजाऱ्यांनी त्यांना उपाशी ठेवले नाही. वेशीवरील दगडावर ते धान्य ठेवीत आणि व्हिनेगारात बुडवलेली नाणी उचलून नेत. वेस बंद होती, तरी तिच्यावरून भाकरी जात होती.

वाचकहो, वसईचा माणूस एकाच वेळी गावकरीही आहे आणि पाहुणाही. सकाळी लोकलने मुंबईला जाणारा आणि संध्याकाळी गावच्या ओट्यावर बसणारा तो एकच आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंचे दुःख आपल्याला कळावयास हरकत नाही. प्रत्येक धर्मग्रामाने आताच, साथ नसताना, काही गोष्टी ठरवून ठेवाव्यात : एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी, विलगीकरणासाठी वापरता येईल असे सभागृह, डबे पोहोचवणारे तरुण आणि अफवा आली तर ती पडताळून पाहणारी दोन जबाबदार माणसे. २०२० साली ज्या घरांत अबोला धरला गेला, तेथे तो सोडण्यासाठीही आता कोणत्या मुहूर्ताची वाट पाहू नये. त्या वेळी दार लावणारा घाबरला होता आणि दार ठोठावणाराही घाबरला होता, एवढे दोघांनी एकमेकांजवळ मान्य केले तरी पुरे.