कोरडवाहू रबी ज्वारी : ओल आणि खत यांचा मेळ

सोलापूर, बीड, अहिल्यानगर इत्यादी अवर्षणप्रवण जिल्ह्यांत रबी ज्वारीचे पीक मुख्यतः पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. अशा पिकास खत दिल्यास ओल लवकर संपते, असा पुष्कळ शेतकऱ्यांचा समज आहे. या समजात तथ्य किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

पानांचे कार्य

पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून हवेतील कर्बवायू आत येतो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी शेकडा ९५ हून अधिक भाग असा उडून जातो. एक किलो शुष्क द्रव्य तयार करण्यास ज्वारीला सुमारे ३०० लिटर पाणी लागते. या पाण्याच्या मोबदल्यात पीक किती अन्न तयार करील, हे पुष्कळ अंशी त्याच्या पोषणावर अवलंबून असते.

हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे चार व मॅग्नेशियमचा एक अणू असतो. नत्र कमी पडल्यास पाने पिवळी पडतात. अशा पानांतून पाणी उडत राहते, परंतु अन्न कमी तयार होते. स्फुरदामुळे मुळांची वाढ चांगली होते व खालच्या थरांतील ओल पिकास मिळते. पर्णरंध्रांची उघडझाप पालाशावर अवलंबून असते. मात्र आपल्या काळ्या जमिनींत पालाश बहुधा पुरेसा असतो.

ओलीचा जमाखर्च

एक मिलिमीटर ओल म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी होय. पीक खुरटे असल्यास जमीन उघडी राहते व यातील बरेच पाणी उन्हाने वाया जाते. पोसलेले पीक जमिनीवर सावली धरते. त्याचा पाण्याचा खर्च थोडा वाढतो; परंतु उत्पन्न त्याहून अधिक प्रमाणात वाढते.

तथापि, नत्राचा अतिरेक घातक ठरतो. पाला भरमसाट वाढून ओल आधीच संपते आणि कणसे भरण्याच्या वेळी पीक वाळू लागते. वरील समजाचे मूळ येथेच आहे. तेव्हा दोष खताचा नसून, ओल न पाहता दिलेल्या मात्रेचा आहे.

काय करावे

१. खताची मात्रा माती परीक्षणावरून व जमिनीच्या खोलीवरून ठरवावी. उथळ जमिनीत ओल कमी साठते. म्हणून तेथे नत्र कमी द्यावे.

२. खत फोकून देऊ नये. ते कोरड्या थरात पडून राहते. दोन चाड्यांच्या पाभरीने ते पेरणीबरोबरच बियाण्याच्या खाली, ओलीत पेरावे. कोरडवाहू पिकास नत्राची संपूर्ण मात्रा याच वेळी द्यावी.

३. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. त्यामुळे तण निघते, भेगा बुजतात व ओल टिकते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या शेतात खत पेरलेला व बिनखताचा असे दोन सारखे पट्टे शेजारी ठेवावेत. पेरणीस व काढणीस दोन्हींतील ओल पाहावी आणि धान्य व कडबा वेगवेगळे तोलून गावकऱ्यांना दाखवावे. स्वतःच्या शिवारातील वजनकाटा ज्याने पाहिला, त्याची शंका सहज फिटेल.