कुंडीतील रोपांवरचे डाग आणि पाणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाशीम तालुक्यातील अनसिंग परिसरात, विदर्भातील इतर अनेक गावांप्रमाणे, काळी माती हाताशी असते. लिंबू-संत्र्याची कलमे किंवा मिरची-टोमॅटोची रोपे कुंडीत, पिशवीत लावताना तीच भरली जाते. ही चिकण माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. कुंडीतील रोपांच्या अनेक तक्रारी येथूनच सुरू होतात.

गैरसमज : मान टाकलेले रोप तहानलेलेच असते.
वस्तुस्थिती : जास्त पाण्यानेही रोप मान टाकते. मातीतील पोकळ्यांत पाणी साचले की मुळांना प्राणवायू मिळत नाही. ती कुजतात आणि ओल असूनही पाणी पानांपर्यंत चढत नाही. म्हणून आधी दोन पेरे बोट मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. शंका राहिल्यास मुळे तपासावीत. पांढरी, टणक मुळे निरोगी असतात. तपकिरी, मऊ आणि साल सहज निसटणारी मुळे कुजलेली असतात. मे महिन्यातील दुपारी ओल्या मातीतले रोपही मलूल होते. ते संध्याकाळी सावरत असेल, तर त्याला पाणी नव्हे, सावली हवी असते.

गैरसमज : तळाशी खडे घातले की निचरा सुधारतो.
वस्तुस्थिती : बारीक मातीतले पाणी खड्यांमधील मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, वरची माती संपृक्त झाल्यावरच ते खाली झिरपते. त्यामुळे चिखलाचा थर उलट मुळांजवळ सरकतो. कुंडीची भोके मोकळी ठेवावीत आणि काळ्या मातीत कुजलेले शेणखत व जाड रेती भरपूर मिसळावी.

गैरसमज : प्रत्येक डाग बुरशीचा असतो.
वस्तुस्थिती : टोमॅटोच्या पानावर एकात एक कडी असलेला तपकिरी डाग बहुधा करप्याचा, म्हणजे बुरशीचा असतो. लिंबाच्या पानाच्या दोन्ही बाजूंना खरखरीत, उंचवटलेले आणि पिवळ्या वलयाचे ठिपके खैऱ्याचे असतात. हा रोग जिवाणूजन्य आहे. तो पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो आणि नागअळीने केलेल्या जखमांतून आत शिरतो. नागअळीची खूण म्हणजे पानावरची चंदेरी, नागमोडी रेघ. टोके आणि कडा करपल्या असतील, तर क्षार किंवा पाण्याचा ताण तपासावा. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या असतील, तर बहुधा लोहाची कमतरता असते. चुनखडीच्या जमिनीत ती नेहमी आढळते. या शेवटच्या दोन्ही स्थितींत बुरशीनाशक निरुपयोगी ठरते.

गैरसमज : उन्हात पानांवरचे थेंब भिंगासारखे पान जाळतात.
वस्तुस्थिती : हंगेरीतील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुळगुळीत पाने थेंबांमुळे जळली नाहीत; दाट लव असलेल्या पानांवर मात्र तशी शक्यता दिसली. खरा धोका संध्याकाळी पाने भिजवण्यात आहे, कारण रात्रभर ओल्या राहिलेल्या पानावर बुरशी रुजते. पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे.

गैरसमज : फवारणीने जुने डाग नाहीसे होतात.
वस्तुस्थिती : मेलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. एक टक्का बोर्डो मिश्रण (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी) मुख्यतः नव्या लागणीला अडवते. उपाय लागू पडला की नाही, हे त्यानंतर फुटलेल्या पानांवरूनच ठरवावे.