कठडा एकाचा, भिंत दुसऱ्याची, ओल दोघांची

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की छत्रपती संभाजीनगरातील अनेक घरांत एक जुनीच तक्रार नव्याने सुरू होते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग नुकतेच करून घेतलेले असते, कोबा शाबूत असतो, पाण्याचे पाइपही मोकळे असतात. तरीही खालच्या खोलीच्या एका कोपऱ्यात ओल उमटते. रंगाचे पोपडे सुटतात, भिंतीला लोणा लागतो. मग कोणीतरी संपूर्ण गच्ची उकरून नवा कोबा घालण्याचा सल्ला देतो. अशा वेळी पाणी गच्चीच्या तळातून येतच नसेल, तर हा सारा खर्च वाया जातो.

गच्चीचा कठडा शेजारच्या उंच भिंतीला जेथे भिडतो, तो सांधा आधी पाहावा. सिडकोने १९७० च्या दशकापासून येथे वसविलेल्या वसाहतींतील रो-हाउसेसमध्ये तो सहज सापडतो. रांगेतील एका घरमालकाने मजला चढविला की दुसऱ्याचा तीन फुटी कठडा एकदम दहा-बारा फूट उंच भिंतीला टेकतो. दोन्ही बांधकामे निराळ्या वर्षांची असतात आणि त्यांच्या पायावरचा भारही निराळा असतो. त्यामुळे ती एकसारखी खचत नाहीत. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा! काँक्रीटचा दहा मीटर लांबीचा कठडा तापमानात ३० अंशांचा फरक पडल्यास सुमारे ३ मिलिमीटर लांब-आखूड होतो. सांध्यावर गवंड्याने मारलेला सिमेंटचा गिलावा इतका ताण सोसत नाही. तेथे उभी भेग पडते. उंच भिंतीवरून ओघळणारे पाणी थेट कठड्याच्या माथ्यावर येते आणि या भेगेतून विटांच्या पोटात शिरते. ते बाहेर दिसते मात्र भलत्याच ठिकाणी, कधी चार-पाच फूट दूर. म्हणूनच निदान चुकते. बरे, त्या भिंतीत विजेचा बोर्ड असेल किंवा ओल स्लॅबच्या सळयांपर्यंत पोहोचली, तर प्रश्न केवळ रंगाचा राहत नाही.

भेगेत पांढरे सिमेंट भरणे हा उपाय एका उन्हाळ्यापुरताच. सांधा खरवडून मोकळा करावा, आत फोमची दोरी बसवून वर पॉलियुरेथेनसारखे लवचीक सीलंट भरावे. कठड्याच्या माथ्याला गच्चीच्या बाजूस उतार द्यावा. त्यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि तेच नेमके टाळले जाते. कठड्याच्या माथ्यावर, दोन्ही अंगांना खाली उतरेल असे, घोड्यावरील खोगिरासारखे आवरण बसवायचे. ते स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचे किंवा डांबरी मेम्ब्रेनचे असावे. उंच भिंतीवर ते किमान १५० मिलिमीटर वर चढवून त्याची कड भिंतीत कापलेल्या २०-२५ मिलिमीटर खोल खाचेत घालावी आणि खाच सीलंटने बंद करावी. कड नुसती भिंतीवर चिकटविली तर पाणी तिच्यामागून उतरते. अॅल्युमिनियमचा पत्रा ओल्या सिमेंटशी लागून असला की झिजतो. तो टाळलेला बरा. जुन्या दगडी इमारतींत भिंतीतून पुढे काढलेली दगडी पट्टी पाणी असेच सांध्यापासून दूर टाकत असे.

मात्र खाच कापायची ती शेजाऱ्याच्या भिंतीत! शिवाय वाढीव मजल्याची ती बाजू पुष्कळदा बिनगिलाव्याची, उघड्या विटांची असते. पाऊस त्या विटांत मुरतो आणि कितीही उत्तम आवरण बसविले तरी त्याच्या मागून खाली झिरपतो. तिला गिलावा करायचा तर परात-थापी घेऊन उभे राहावे लागते आपल्याच गच्चीवर. भिंत त्याची आणि वाट आपली, अशी ही अडचण आहे. 'तुमच्यामुळे गळते' या वादात वर्षे घालविण्यापेक्षा गिलाव्याचा खर्च त्याने आणि सांध्याचा आपण करावा, हे आम्हाला व्यवहार्य वाटते. नव्याने मजला चढविणाऱ्याने तर बांधतानाच खाच सोडावी.

काम मे महिन्यात, भिंती पूर्ण कोरड्या असताना उरकावे. त्यापूर्वी नळीने परीक्षा घ्यावी: प्रथम फक्त गच्चीत पाणी तुंबवून दिवसभर थांबावे. ओल उमटली नाही तर कठड्याच्या माथ्यावर, नंतर सांध्यावर, शेवटी उंच भिंतीवर, असे खालून वर पाणी सोडावे. प्रत्येक टप्प्यानंतर खालच्या खोलीत जाऊन भिंतीला हात लावून पाहावा. सुरुवातच उंच भिंतीपासून केली तर पाणी सगळीकडे पसरते आणि काहीच उमगत नाही.