क्लचच्या तबकडीची अकाली झीज : स्पोर्ट्स मोटार व ट्रॅक्टर यांतील एका समान दोषाचे विवेचन

मोटारगाडीच्या यंत्ररचनेत क्लचइतका घर्षणावर सर्वस्वी अवलंबून असलेला दुसरा भाग ब्रेकखेरीज क्वचितच आढळेल. इतरत्र घर्षण हे यंत्रशास्त्रज्ञाला टाळावयाचे असते. येथे मात्र त्याच्याच आधाराने एंजिनची शक्ती चाकांपर्यंत पोहोचते. हे घर्षण अपुरे पडले की तबकडी घसरू लागते. एंजिनचा वेग वाढतो, गाडीचा वाढत नाही. थोड्याच वेळात जळक्या अस्तराचा वास येतो, आणि मिस्त्री 'प्लेट गेली' असा निर्णय देतो. तबकडी बदलली जाते. परंतु ती का गेली, या प्रश्नाचे उत्तर न शोधताच ती बदलली, तर नवी तबकडीही त्याच वाटेने जाते. प्रस्तुत लेखात या 'का'चे विवेचन करावयाचे आहे.

विषय वरवर पाहता शहरी हौसेचा वाटेल. हातगिअरची स्पोर्ट्स मोटार शिंदखेड्याच्या रस्त्यावर नित्य दिसणारी वस्तू नव्हे. तथापि दोंडाईच्याच्या बाजाराकडे कापसाची भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आणि मुंबई-पुण्याकडील शर्यतीच्या हौशीची मोटार यांच्या क्लचमध्ये घडणारी क्रिया तत्त्वतः एकच आहे. एवढेच नव्हे, तर पुढील आकडेमोडीत दिसेल त्याप्रमाणे दोघांच्या चुकीचे परिमाणही जवळजवळ सारखेच असते.

क्लच किती परिबल, म्हणजे व्यवहारातील टॉर्क, वाहून नेऊ शकतो हे चार राशींवर ठरते : घर्षणगुणांक, दाबतबकडीचा दाब, घर्षणपृष्ठांची संख्या आणि सरासरी त्रिज्या. या चौघांचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता होय. उदाहरणादाखल 240 मिलिमीटर बाह्य व 160 मिलिमीटर आंतर व्यासाची तबकडी घेऊ. झीज सर्वत्र सारखी होते असे मानल्यास सरासरी त्रिज्या 100 मिलिमीटर येते. दाब सर्वत्र सारखा आहे असे मानल्यास ती 101.3 मिलिमीटर येते. दोन्ही गृहीतकांतील फरक सव्वा टक्क्याच्या आसपासच असल्याने वापरलेल्या तबकडीसाठी पहिले गृहीतक स्वीकारण्यास हरकत नाही. घर्षणगुणांक 0.35, दाब 6,800 न्यूटन आणि पृष्ठे दोन धरली, तर क्षमता 476 न्यूटन-मीटर होते.

आता ही क्षमता एखाद्या प्रत्यक्ष एंजिनाशी ताडून पाहू. मुंबईचे वाहनरचनाकार दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेने 2012 साली दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात मांडलेली 'अवंती' ही हातगिअरची स्पोर्ट्स मोटार महाराष्ट्रातील वाचकांना परिचित आहे. तिच्या 2 लिटरच्या टर्बो-एंजिनाचे महत्तम परिबल सुमारे 340 न्यूटन-मीटर होते. येथे त्या गाडीच्या क्लचविषयी कोणतेही विधान करावयाचे नसून केवळ एंजिनाचे प्रमाण ध्यानात यावे एवढाच हेतू आहे. आपल्या काल्पनिक क्लचची क्षमता या परिबलाच्या 1.4 पट ठरते. हे गुणोत्तर सुरक्षित वाटते खरे. परंतु तापल्यामुळे घर्षणगुणांक 0.35 वरून 0.25 वर उतरला की क्षमता बरोबर 340 न्यूटन-मीटर होते, आणि राखीव भाग शून्यावर येतो.

दुसरी वाट अधिक फसवी आहे. टर्बो-एंजिनाच्या संगणकीय नियंत्रणात फेरफार करून परिबल वाढविण्याची प्रथा हौशी मंडळींत रूढ आहे. समजा, असे परिबल तीस टक्क्यांनी वाढविले. ते 442 न्यूटन-मीटर झाले. क्लच तोच राहिल्यास गुणोत्तर 1.08 उरते. पुढे दाब केवळ दहा टक्क्यांनी घटला, तर क्षमता 428 न्यूटन-मीटर होऊन घसरण सुरू होते. अशा वेळी दोष तबकडीच्या माथी मारला जातो. वस्तुतः तबकडीने आपले काम चोख बजावलेले असते, तिच्यावर सोपविलेले कामच बदललेले असते.

झीज कशी मोजावी, हा यापुढचा प्रश्न. आर्चर्ड यांनी 1953 साली मांडलेल्या नियमानुसार झिजलेल्या द्रव्याचे आकारमान हे दाब व घसरणीचे अंतर यांच्या गुणाकाराच्या समप्रमाणात असते. त्याच गुणाकारास घर्षणगुणांकाने गुणले की घर्षणात खर्ची पडलेली ऊर्जा मिळते. म्हणून क्लचची झीज ही गाडीने कापलेल्या अंतरावर अवलंबून नसून तबकडीत जिरलेल्या ऊर्जेवर अवलंबून असते. क्लच पूर्ण जुळलेला असताना गाडी शंभर किलोमीटर गेली तरी अस्तर झिजत नाही. आणि जागच्या जागी अर्ध्या क्लचवर मिनिटभर थांबली तरी झिजते. तबकडीचे आयुष्य किलोमीटरांत सांगण्याची रीत सोयीची असली तरी शास्त्रशुद्ध एकक ज्यूल हेच आहे.

गाडी सुरू होताना ही ऊर्जा किती असते? एंजिनाचा वेग स्थिर ठेवून सपाटीवर गाडी हलविली, तर क्लच जुळेपर्यंत गाडीने जेवढी गतिज ऊर्जा मिळविली तेवढीच उष्णता तबकडीत उत्पन्न होते. हा निष्कर्ष गिअरवर अवलंबून नाही. गिअर फक्त क्लच कोणत्या वेगाला जुळेल ते ठरवितो. 1,500 किलोग्रॅम वजनाच्या मोटारीचा क्लच पहिल्या गिअरमध्ये एंजिनाच्या 2,000 फेऱ्यांवर सेकंदाला 5 मीटर वेगास जुळतो असे धरू. उष्णता सुमारे 19 किलोज्यूल निघते. शर्यतीच्या पद्धतीने एंजिन 5,000 फेऱ्यांवर नेऊन क्लच सोडला, तर जुळण्याचा वेग अडीच पट आणि उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सव्वासहा पट, सुमारे 117 किलोज्यूल होते.

आता ट्रॅक्टरकडे वळू. ट्रॅक्टर व भरलेली ट्रॉली मिळून 8,000 किलोग्रॅम वजन धरू. शेतातील खालच्या गिअरमध्ये क्लच सेकंदाला दीड मीटर वेगास जुळला, तर उष्णता अवघी 9 किलोज्यूल होते. ती मोटारीच्या नेहमीच्या सुरुवातीपेक्षाही कमी आहे. परंतु गिअर बदलण्याचा कंटाळा करून चालकाने रस्त्याच्या वरच्या गिअरमध्येच गाडी हलविली आणि क्लच सेकंदाला 5 मीटर वेगास जुळला, तर हीच उष्णता 100 किलोज्यूलांवर जाते. शर्यतीच्या सुरुवातीची 117 आणि कापसाच्या ट्रॉलीची 100, या दोन आकड्यांतील साम्य लक्षणीय आहे. पहिल्यास हौस म्हणतात, दुसऱ्यास सवय. अस्तराला हा भेद ठाऊक नसतो.

चढावर स्थिती याहून बिकट होते. विरोधी परिबल क्लचच्या परिबलाच्या निम्मे असेल तर वरील उष्णता दुप्पट, आणि तीनचतुर्थांश असेल तर चौपट होते. नरडाण्याहून शिरपूरमार्गे आग्रा रस्त्याने उत्तरेकडे जाणाऱ्या वाहनास बिजासन घाटात, अथवा धुळ्याच्या दक्षिणेस लळिंगच्या चढावर, वाहतूक तुंबलेली असताना हाच अनुभव येतो. ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे ही तर शुद्ध उष्णतानिर्मिती होय. वरील मोटार शेकडा 5 चढावर, एकूण गिअरगुणोत्तर 12, चाकाची त्रिज्या 0.3 मीटर आणि एंजिनाच्या 1,200 फेऱ्या असताना अशी धरून ठेवली, तर तबकडीत सुमारे 2.3 किलोवॉट दराने उष्णता निघते. पाणी तापविण्याच्या घरगुती विद्युत्-उपकरणाचा दर साधारणतः एवढाच असतो. वीस सेकंदांत 46 किलोज्यूल खर्ची पडतात, आणि गाडी एक तसूभरही पुढे गेलेली नसते.

ही उष्णता साठते कोठे? बिडाच्या 4 किलोग्रॅम वजनाच्या दाबतबकडीने 117 किलोज्यूलांपैकी निम्मा वाटा घेतला, तर तिचे सरासरी तापमान सुमारे 29 अंशांनी वाढते. एकदोन वेळा हे सोसते. परंतु निवण्यास अवसर न देता दहा वेळा तसेच केल्यास वाढ तीनशे अंशांच्या घरात जाते. पृष्ठभागाचे क्षणिक तापमान तर सरासरीहून बरेच अधिक असते. शिवाय तापलेला भाग प्रसरण पावून किंचित उंच होतो, त्यामुळे त्याच्यावर अधिक दाब येतो आणि तो आणखी तापतो. बार्बर यांनी 1969 साली या अस्थैर्याचे विवेचन केले. उघडलेल्या क्लचच्या बिडावर दिसणारे निळसर डाग ही त्याची खूण होय. डागाच्या जागी बीड कठीण होते, आणि तेच पृष्ठ ठेवून नवी तबकडी बसविल्यास ती असमान झिजते.

येथवर चालकाच्या वर्तनाचा विचार झाला. परंतु चालक निर्दोष असूनही क्लच घसरू शकतो. अस्तर झिजून पातळ होते तसतशी दाबतबकडी फ्लायव्हीलकडे सरकते, आणि प्रचलित रचनेत स्प्रिंगची बोटे उलट दिशेस, म्हणजे रिलीज बेअरिंगकडे, येतात. त्यामुळे पॅडलची मोकळी चाल कमी होत जाते. ती वेळीच जुळवून घेतली नाही, तर एक दिवस बेअरिंग बोटांना सतत टेकू देऊ लागते. स्प्रिंगच्या बळाचा काही भाग या टेकूत जातो, तबकडीवरील दाब घटतो, क्लच घसरतो, घसरल्याने झिजतो, आणि झिजल्याने टेकू आणखी घट्ट होतो. पॅडलवर पाय विसावून ट्रॅक्टर चालविणारा मनुष्य हाच टेकू आपल्या पायाने देत असतो. द्रवचालित क्लचमध्ये मुख्य सिलिंडरचे परतीचे छिद्र तुंबले तरी परिणाम हाच होतो. तेथे मात्र पॅडल तपासून काही उमगत नाही.

म्हणून निदान करताना तबकडीचा पुरावा वाचण्याची शिस्त हवी. दोन्ही बाजू सारख्या पातळ झाल्या असतील, तर ती स्वाभाविक झीज समजावी. पृष्ठ काचेसारखे चकाकत असून बिडावर निळे डाग असतील, तर अतिउष्णता. अस्तर काळे व ओलसर असेल, तर एंजिन किंवा गिअरपेटीचे ऑइल सील गळत आहे. एकच बाजू अधिक झिजली असेल, तर तबकडी आपल्या खाचांवर मोकळी सरकत नाही. काळ्या मातीची बारीक धूळ व सुकलेले वंगण यांचा विचार आपल्या भागात प्रथम करावा. रस्त्यावरील परीक्षा वरच्या गिअरमध्ये, एंजिनाचे परिबल महत्तम असते त्या वेगावर घ्यावी; खालच्या गिअरमध्ये परिबलाचा बराच भाग फ्लायव्हीलला वेग देण्यात खर्च होतो आणि आरंभीची घसरण झाकली जाते. हातब्रेक लावून वारंवार परीक्षा घेणे टाळावे, कारण ती परीक्षाच तबकडी जाळते.

आणखी एक गोष्ट केवळ यंत्राच्या हिताची नाही. घर्षण-अस्तरांत दीर्घकाळ अ‍ॅस्बेस्टॉस वापरले जात असे. जुन्या क्लचच्या कवचातील धूळ हवेच्या झोताने उडविणे हे कारागिराच्या फुप्फुसांस घातक ठरू शकते. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

ट्रॅक्टरची तबकडी बदलावयाची तर एंजिन व गिअरपेटी वेगळी करावी लागतात. पेरणीच्या तोंडावर असा ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहणे म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याने पावसाची वाफ गमावणे होय. तबकडीची किंमत त्यापुढे गौण आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे अभ्यासाचे एक सुलभ क्षेत्र उपलब्ध आहे. एका हंगामात काही निवडक ट्रॅक्टरांवर गाडी हलविताना वापरलेला गिअर, अर्ध्या क्लचचे सेकंद व पॅडलची मोकळी चाल यांची नोंद ठेवावी, आणि तबकडी उघडेल तेव्हा अस्तराची जाडी मोजावी. खर्ची पडलेल्या ऊर्जेशी झिजेचे प्रमाण कितपत जुळते, हे त्यावरून पाहता येईल. ते जुळले, तर ट्रॅक्टरचालकास 'खालच्या गिअरमध्ये निघा, पॅडलवरचा पाय काढा' हा साधा उपदेश आकड्यांच्या आधाराने करता येईल. आणि असा उपदेश शर्यतीच्या हौशी चालकासही तितकाच लागू पडेल.